‘परमिशन डिनाइड’ आलं म्हणून ७७७ देऊ नका : जमातीचं रजिस्टर संगणकावर घेताना आम्ही काय शिकलो

लोणावळ्याचा पाऊस बघायला लोक मुंबई-पुण्याहून गाड्या भरून येतात. आम्हा इथल्यांकडे तो कपाटापर्यंत येतो. वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि कपाटातल्या जुन्या रजिस्टरांना बुरशी, हे दरवर्षीचंच.

गेल्या पावसाळ्यात मावळातल्या एका जमातीच्या ऑफिसात एक खाला आल्या. शौहरचा इंतकाल झालेला, फॅमिली पेन्शनसाठी निकाहच्या तारखेचा दाखला हवा होता. रजिस्टर निघालं, साल सापडलं, पण नेमकी ती दोन पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेलो तर शाईच निघून आली. दुसऱ्या ठिकाणी प्रत सापडली म्हणून काम झालं. पण त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की लोकांचे हक्क आपण एका ओल्या कपाटाच्या भरवशावर ठेवलेत.

ही गोष्ट एका गावापुरती नाही. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं, तेव्हा ठिकठिकाणच्या मुतवल्लींना आणि ट्रस्टींना जुने कागद शोधून, स्कॅन करून भरावे लागले. आपले कागद कुठे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे अनेकांना तेव्हाच कळलं. म्हणून आता बऱ्याच जमाती निकाह, दफन, वर्गणी आणि मदतीच्या नोंदी संगणकावर घेताहेत. चांगली गोष्ट आहे. पण या कामात एक अडचण जवळपास प्रत्येकाला येते आणि तिचा चुकीचा इलाज मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतो. त्या अडचणीबद्दल हा लेख.

नेमकं काय झालं

आम्ही तीन-चार जण या कामाला बसलो. कोणीतरी दिलेला जुना संगणक, त्यावर उबुंटू लिनक्स आणि नोंदींसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस. यातलं काहीच विकत घ्यावं लागलं नाही. जुनी डिस्क मात्र लहान होती आणि आवाज करायला लागली होती. म्हणून नवी डिस्क आणली आणि डेटाबेसची साठवण तिच्यावर हलवायचं ठरवलं.

डेटाबेस बंद केला, त्याचा फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केला, सेटिंगच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला आणि डेटाबेस परत सुरू केला. सुरूच होईना. नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ आली : एरर नंबर १३, परमिशन डिनाइड.

आमच्यातल्या एकाने मोबाइलवर शोधलं आणि सगळीकडे ‘७७७’ देऊन टाकलं. डेटाच्या फोल्डरला दिलं आणि ‘होऊ दे एकदाच’ म्हणत सेटिंगच्या फाइलवरही दिलं. डेटाबेस लगेच सुरू झाला! आम्ही चहा मागवला. पुढच्या दोन संध्याकाळी बसून जुन्या निकाहच्या नोंदी भरल्या.

तिसऱ्या दिवशी एकाच्या लक्षात आलं की नव्या डिस्कवरच्या फाइलींची तारीख बदलतच नाहीये. डेटाबेसलाच विचारलं, ‘बाबा, तू डेटा ठेवतोस कुठे?’ त्याच्या भाषेत हा प्रश्न ‘सिलेक्ट’ लिहून पुढे दोन ‘ॲट’ची चिन्हं आणि ‘डेटाडिर’ असा विचारतात. उत्तर आलं : जुन्या डिस्कवर. दोन संध्याकाळच्या सगळ्या नोंदी त्याच आवाज करणाऱ्या डिस्कवर जात होत्या.

कारण असं की सेटिंगची फाइल कोणीही बदलू शकेल अशी उघडी असेल, तर मायएसक्यूएल तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. तशी एक सूचना लॉगमध्ये टाकतो, ती फाइल बाजूला सारतो आणि आपल्या मूळच्या पत्त्यावरून सुरू होतो. म्हणजे ७७७ ने कुलूप उघडलंच नव्हतं. डेटाबेस गुपचूप जुन्या घरी परतला होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्याच फाइलमध्ये ‘फक्त या संगणकावरूनच बोलायचं’ अशी ओळ असते. फाइल बाजूला सारल्यामुळे तीही गेली आणि दोन दिवस आमचा डेटाबेस नेटवर्कवरच्या कुठल्याही संगणकाला दार उघडायला तयार होता. केवळ पासवर्डमुळे निभावलं. त्या डेटाबेसमध्ये कोणाला जकातीतून किती मदत गेली, याची यादीही होती.

म्हणून इथून पुढे नीट, क्रमाने सांगतो. कमांड टाइप करताना अक्षरं इंग्रजीच लागतात, आम्ही इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

आधी वाचा : ‘नाही’ कोण म्हणतंय?

दोन निरोप सारखे दिसतात, पण वेगळे आहेत. ‘ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर’ आणि पुढे १०४५ हा नंबर असेल, तर डेटाबेस सुरू आहे. तुमचं नाव किंवा पासवर्ड त्याला पटलेला नाही. तिथे फोल्डरच्या परवानग्या बदलून काही होणार नाही.

‘परमिशन डिनाइड’ आणि एरर नंबर १३ असेल, तर ‘नाही’ ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतेय, तेही तुम्हाला नाही, डेटाबेसला. इथेच पहिली चूक होते. ‘मी तर ॲडमिन आहे, मला फोल्डर उघडता येतोय, मग याला का नाही?’ कारण डेटाबेस तुमच्या नावाने चालत नाही. बसवतानाच त्याच्यासाठी वेगळं खातं तयार होतं. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचं खातं बहुधा ‘मायएसक्यूएल’ नावाचं आणि पोस्टग्रेसचं ‘पोस्टग्रेस’ नावाचं. प्रश्न नेहमी ‘या खात्याला तिथे पोचता येतं का?’ हाच असतो.

नंबर १३ नसेल, तर दुखणं वेगळं आहे. २ म्हणजे तशी फाइलच नाही, पत्ता चुकला असेल. २८ म्हणजे डिस्क भरली. ३० म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती उरली आहे. शेवटच्या नंबरकडे आपण पुढे येऊ, आपल्या भागात तो महत्त्वाचा आहे.

मालक, गट आणि बाकीचे

लिनक्सवरच्या प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले ‘बाकीचे’. प्रत्येकाला तीन परवानग्या देता येतात. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असा आकडा आहे. बेरीज करायची. ७ म्हणजे ४ अधिक २ अधिक १, सगळंच. ५ म्हणजे वाचणं आणि चालवणं. ० म्हणजे काहीच नाही. म्हणून ७५० चा अर्थ : मालकाला सगळं, गटाला बघण्यापुरतं, बाकीच्यांना दार बंद. आणि ७७७ चा अर्थ : संगणकावरच्या सगळ्या खात्यांना सगळं.

ऑफिसच्या कपाटाचंच बघा ना. किल्ली ज्याच्या जिम्मेदारीत आहे तो नोंद करतो, ट्रस्टी येऊन वाचू शकतात, येणाजाणाऱ्याने हात लावायचा नाही. हे झालं ७५०. कपाटाचं दारच काढून ठेवणं म्हणजे ७७७.

मालक कोण आहे हे बघायला ‘एलएस’ ही कमांड ‘मायनस एल’ लावून द्यायची. आमच्या नव्या फोल्डरवर मालक म्हणून ‘रूट’ दिसला, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. आम्ही ॲडमिनच्या अधिकाराने साधी कॉपी केली होती. साधी कॉपी करणारा हाच नव्या फाइलींचा मालक होतो. त्यामुळे सगळा डेटा नव्या डिस्कवर होता, पण डेटाबेसच्या खात्याचा त्यावर काही हक्क नव्हता.

इलाज दोन. एक, कॉपी करतानाच ‘आरसिंक’ला ‘मायनस ए’ लावायचं, म्हणजे मूळ मालक आणि परवानग्या जशाच्या तशा येतात. दोन, झालेल्या कॉपीवर ‘चाऊन’ म्हणजे ‘चेंज ओनर’ ही कमांड वापरून मालक आणि गट दोन्ही ‘मायएसक्यूएल’ करायचे. फोल्डरला ७०० किंवा ७५० पुरतं. परवानगी बदलण्याची कमांड ‘चमॉड’, म्हणजे ‘चेंज मोड’. सेटिंगच्या फाइलीचा मालक रूटच असू द्या आणि परवानगी ६४४, म्हणजे वाचतील सगळे, बदलेल एकच.

फोल्डर बरोबर, पण रस्ता बंद

आम्ही मालक दुरुस्त केला, तरी १३ नंबर गेला नाही. आता चूक फोल्डरची नव्हती, वाटेची होती.

फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ ही परवानगी म्हणजे त्यातून पलीकडे जाण्याची मुभा. पुण्याहून लोणावळा लोकलने यायचं तर तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली ओलांडावंच लागतं. कामशेतला लाइन बंद असेल तर हातातलं लोणावळ्याचं तिकीट काय कामाचं? तसंच इथे. शेवटचा फोल्डर डेटाबेसच्या मालकीचा असला, तरी त्याच्या वरचा एक फोल्डर जरी अडवत असेल तरी तिथेच थांबावं लागतं.

उबुंटूवर डेस्कटॉपवरून डिस्क उघडली की ती ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये, लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाखाली जोडली जाते. ती जागा त्या माणसापुरतीच उघडी असते. ‘होम’चंही तेच. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून प्रत्येकाचा होम फोल्डर इतरांना बंद असतो. मारियाडीबी तर त्याही पुढे जातो. त्याच्या सर्व्हिसला ‘होम’मध्ये बघायलाच मनाई असते, तिथे तुम्ही कितीही परवानग्या द्या.

कुठे अडतंय हे बघायला ‘नेमआय’ ही कमांड ‘मायनस एल’ लावून पूर्ण पत्त्यासह द्यायची. ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक टप्प्याचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. बंद स्टेशन लगेच दिसतं.

पण म्हणून ‘होम’ किंवा ‘मीडिया’ सगळ्यांना उघडे करू नका. डेटाबेसची डिस्क ‘एसआरव्ही’ किंवा ‘डेटा’ अशा वेगळ्या जागी कायमची जोडा. त्यासाठी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये डिस्कच्या यूयूआयडी क्रमांकासह एक ओळ लिहावी लागते.

दोन बारीक गोष्टी. नवी डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची असेल, तर तिच्यावर लिनक्सच्या मालकीची नोंद नेहमीच्या पद्धतीने राहत नाही. ‘चाऊन’ केलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. बाजारातल्या बऱ्याच बाहेरच्या डिस्क अशाच येतात. डेटाबेससाठी ती ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करावी लागते. त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. आणि फॉरमॅट झाल्यावर डिस्कच्या मुळाशी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचा फोल्डर आपोआप येतो. डेटाबेस नव्याने मांडायला रिकामी जागा मागतो, त्यामुळे तो अडतो. डिस्कच्या मुळाशी डेटा ठेवू नका, आत एक फोल्डर करा आणि तो द्या.

‘टच’ची परीक्षा

आता सगळं बरोबर दिसतंय. पण दिसणं आणि असणं वेगळं. खात्री करायची सोपी रीत : ‘सुडो’ला ‘मायनस यू मायएसक्यूएल’ लावून, म्हणजे डेटाबेसचंच खातं होऊन, त्या फोल्डरमध्ये ‘टच’ कमांडने एक रिकामी फाइल बनवून बघा. बनली की लगेच पुसून टाका.

फाइल बनली नाही, तर दोष मालकीत, परवानगीत किंवा वाटेत आहे. परत वर जा. फाइल बनली आणि तरीही डेटाबेस १३ नंबर देतोय, तर मालकी-परवानगीचा विषय संपला. आता दुसरा चौकीदार शोधायचा. आमचं नेमकं असंच झालं. ही एक परीक्षा आधी केली असती, तर आमची एक संध्याकाळ वाचली असती.

दुसरा चौकीदार

उबुंटूमध्ये ‘ॲपआर्मर’ नावाची व्यवस्था असते. ती माणूस बघत नाही, प्रोग्राम बघते. मायएसक्यूएल या प्रोग्रामने कोणत्या फोल्डरांत जायचं याची यादी तिच्याकडे असते आणि यादीत नेहमीचा जुना पत्ता असतो. आपण नवा पत्ता दिला, तिला कळवलंच नाही. मग ती अडवणारच. ‘टच’ हा वेगळा प्रोग्राम, म्हणून तो चालला.

याचा पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये मिळतो. ‘जर्नलसीटीएल’ला ‘मायनस के’ लावून बघा. ‘ॲपआर्मर’, ‘डिनाइड’ आणि तुमच्या नव्या फोल्डरचं नाव एकाच ओळीत दिसलं की झालं निदान.

इलाज एका ओळीचा आहे. ॲपआर्मरच्या ‘ट्युनेबल्स’ फोल्डरमध्ये ‘अलायस’ नावाची फाइल असते. तिच्यात जुना पत्ता, मग बाण, मग नवा पत्ता अशी ओळ लिहायची. दोन्ही पत्त्यांच्या शेवटी तिरकी रेघ आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवा. तो विसरला की ओळ चालत नाही, आम्ही विसरलो होतो. मग ॲपआर्मर परत सुरू करायचं आणि त्यानंतर डेटाबेस.

फेडोरा, रॉकी, अल्मा अशा रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर हेच काम ‘एसईलिनक्स’ करतं. तिथे फोल्डरला एक शिक्का लागतो. ‘सेमॅनेज’ने नव्या पत्त्यासाठी मायएसक्यूएलच्या डेटाचा शिक्का नोंदवायचा आणि ‘रीस्टोरकॉन’ने तो प्रत्यक्ष मारायचा. ‘एसईलिनक्स बंदच करून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. चौकीदार ओळखत नाही म्हणून त्याला नोकरीवरून काढायचं का? ओळख करून द्या.

वीज गेली, डिस्क रुसली

घाटात पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. चालू डेटाबेसवर अचानक वीज गेली आणि डिस्कवर गडबड झाली, तर लिनक्स कधीकधी ती डिस्क ‘फक्त वाचा’ अवस्थेत जोडतं, आणखी नुकसान होऊ नये म्हणून. तेव्हा ३० नंबर येतो. दिसायला हे परवानगीचंच दुखणं वाटतं, पण चमॉड-चाऊनने काडीचा फरक पडत नाही. डेटाबेस बंद करा, डिस्क सोडवा, ‘एफएससीके’ने तपासा. तीच अडचण वारंवार आली तर डिस्क बदला. आणि साधा यूपीएस घ्या. जमातीच्या पैशातून घेतलेली ती सगळ्यात उपयोगी वस्तू ठरेल.

दुसरा प्रकार : संगणक परत सुरू झाला, पण नवी डिस्क जोडलीच गेली नाही. तिच्या जागी रूटच्या मालकीचा रिकामा फोल्डर उरतो. डेटाबेस तिथे जातो आणि ‘नाही’ ऐकून परत येतो. काल चालत होतं, आज १३ किंवा २ नंबर येतोय आणि मध्ये कोणी काही बदललेलं नाही, अशा वेळी पहिल्यांदा डिस्क जोडलेली आहे का, हेच बघा. तिथे घाबरून ‘चाऊन’ केलं आणि नवा डेटाबेस मांडला, तर जुना डेटा गेला असं वाटून रडायची वेळ येईल. तो गेलेला नसतो, डिस्कवरच असतो.

तुमच्याकडे दुसरा डेटाबेस असेल तर

पोस्टग्रेस या बाबतीत कडक आहे. डेटाच्या फोल्डरला ७०० किंवा ७५० याहून जास्त मोकळीक दिली, तर तो सुरूच होत नाही आणि नेमके हेच दोन आकडे लॉगमध्ये सांगतो. म्हणजे तिथे ७७७ हा इलाज नाही, तेच दुखणं आहे.

एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एका फाइलीत असतो, म्हणून लहान कामांना तो सोयीचा. पण नुसत्या फाइलीला लिहिण्याची परवानगी देऊन भागत नाही. लिहिताना तो शेजारी आणखी एक तात्पुरती फाइल बनवतो, म्हणून फोल्डरलाही ती परवानगी लागते. नाहीतर ‘रीडओन्ली डेटाबेस’ असा निरोप येतो आणि माणूस फाइलीकडे बघत बसतो.

डॉकरमध्ये चालवत असाल, तर डब्याच्या आतला मालक आणि बाहेरचा मालक नावाने नाही, क्रमांकाने जुळतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या नेहमीच्या अधिकृत इमेजमध्ये तो क्रमांक साधारणपणे ९९९ असतो. बाहेरच्या फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला द्यायची.

विंडोजवरही तत्त्व हेच. पोस्टग्रेसची सर्व्हिस तिथे ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्याने चालते. डेटाचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेला, तर प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीच्या पानावर त्या खात्याला अधिकार द्यावा लागतो. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ हे तिथलं ७७७.

अमानत कोणाची?

आमचा डेटा वाचला. नोंदी जुन्या डिस्कवर शाबूत होत्या. सेटिंगची फाइल ६४४ केली, डेटाबेस बंद केला, नवी कॉपी पुसून जुन्या डिस्कवरून आरसिंकने परत घेतली, ॲपआर्मरला कळवलं आणि सुरू केलं. नंतर ‘डेटाडिर’ विचारून पत्ता नवा आहे याची खात्री केली. जुना फोल्डर महिनाभर तसाच ठेवला.

पण जे मनाला लागलं ते वेगळंच. ऑफिसच्या त्याच संगणकावर मुलं फॉर्म भरायला, प्रिंट काढायला बसतात आणि सगळ्यांचं लॉगिन एकच होतं. ७७७ दिल्यावर नव्या डिस्कवरची कॉपी त्यातल्या कोणालाही वाचता, बदलता, पुसता आली असती. कोणी मुद्दाम केलं असतं असं नाही. जागा कमी पडतेय म्हणून एखाद्याने ‘हा मोठा फोल्डर कशाला’ म्हणत डिलीट केला असता, तरी पुरे होतं. आणि कोणाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून मदत गेली, ते ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं काय?

वैयक्तिक माहिती जपण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये कायदाही केला आहे. पण कायद्याच्या आधीपासून आपल्याकडे त्याला शब्द आहे, अमानत. ज्याची वस्तू त्याच्यापर्यंत सुखरूप पोचवायची आणि मध्ये कोणाच्या हाती पडू द्यायची नाही. परवानगीचे ते तीन आकडे शेवटी एवढंच विचारतात.

थोडक्यात क्रम

१. एररचा नंबर वाचा. १३ आहे का बघा.
२. डेटाबेस बंद करून आधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या.
३. डेटाबेस कोणत्या खात्याने चालतो ते शोधा.
४. फोल्डरचा मालक ‘एलएस’ने आणि पूर्ण वाट ‘नेमआय’ने तपासा.
५. डिस्क जोडलेली आहे का, ईएक्सटी४ आहे का, फक्त वाचण्यापुरती तर नाही ना, हे बघा.
६. त्या खात्याने ‘टच’ करून बघा.
७. टच झालं पण डेटाबेस अडला, तर ॲपआर्मर किंवा एसईलिनक्सला नवा पत्ता कळवा.
८. सुरू झाल्यावर डेटाबेसलाच विचारा, तू कुठे लिहितोस?
९. कोणी ७७७ सुचवलं तर थांबा आणि क्रमांक १ वर परत या.

आणि एक विनंती. ऑफिसच्या संगणकावर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा, डेटाबेसचा बॅकअप दर आठवड्याला घ्या आणि तो दुसऱ्या इमारतीत ठेवा. कागदी रजिस्टरही फेकू नका. कोरड्या जागी, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. संगणक त्याची जागा घ्यायला आलेला नाही, त्याला साथ द्यायला आला आहे.

त्या खाला परवा परत आल्या होत्या, भाच्याच्या निकाहची नोंद हवी म्हणून. पाच मिनिटांत प्रिंट हातात दिली. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ‘ये भी भीगेगा तो नहीं?’ आम्ही सांगितलं, हा भिजला तर दुसरा देऊ.